श्वास, मास्क आणि संचारबंदी: दुसऱ्या लाटेतले समज, गैरसमज

फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात रोज सापडणारे नवे कोरोना रुग्ण तीन हजारांच्या आत आले होते. मुंबईची लोकल ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुली झाली होती आणि पुढे ढकललेली लग्ने उरकायची घाई सुरू होती. त्याच महिन्याच्या २२ तारखेला अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्या काळात मास्क आणि निर्बंधांबद्दल जी विधाने घरोघरी ऐकू येत होती, त्यांतली बरीचशी आजही जशीच्या तशी ऐकू येतात. त्या वेळी माणसे गेलेल्या घरांची संख्या पाहता ती तपासून घेणे मला गरजेचे वाटते.

“आपल्याकडे सगळ्यांना होऊन गेलाय, आता मास्क कशाला?”

सर्वांत महागात पडलेला समज हाच. त्याला थोडा आधारही होता. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली आणि ‘सामूहिक प्रतिकारशक्ती आली’ असा अर्थ लोकांनी काढला. त्याच पाहणीत झोपडपट्टीबाहेरचा आकडा १६ टक्के होता, म्हणजे तिथल्या शंभरातल्या ८४ जणांमध्ये संसर्गाची खूण नव्हती. हा अर्धा भाग चर्चेतून गळूनच गेला. शिवाय विषाणूही तोच राहिला नाही. ज्याला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ नाव दिले, तो प्रकार अधिक वेगाने पसरणारा होता आणि आधीच्या संसर्गातून मिळालेल्या संरक्षणाला काही प्रमाणात चकवणाराही.

“विषाणू इतका लहान, तो कापडातून आरपार जाणारच”

हे ऐकायला बिनतोड वाटते. विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो आणि मास्कच्या धाग्यांमधली जागा त्याहून मोठी असते, हे खरेच आहे. पण मास्क चाळणीसारखा काम करत नाही. विषाणू एकटा हवेत सुटत नाही; बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणाऱ्या थेंबांमधून आणि सूक्ष्म कणांमधून तो येतो. मोठे कण सरळ जाऊन धाग्यांवर आपटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि धाग्याला चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड असतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, आणि एन-९५ ची परीक्षा नेमकी त्यांच्यावरच घेतली जाते. त्यांतले किमान ९५ टक्के अडले तरच ते नाव मिळते. या मास्कच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, तो कणांना खेचून घेतो. म्हणून एन-९५ साबणाने धुतला की दिसायला स्वच्छ होतो, पण त्याची ताकद घटते.

आणि झडपेचा मास्क? तो घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता समोरच्याकडे सोडतो. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता.

“मास्क लावूनही झाला, म्हणजे मास्क निरुपयोगी”

इथे आधी विचारायला हवे, कोणता मास्क, कसा लावलेला आणि कुठे काढलेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. कृत्रिम खोकल्यातले कण नुसत्या सर्जिकल मास्कने ४२ टक्के आणि नुसत्या कापडी मास्कने ४४ टक्के अडवले. सर्जिकलवर कापडी चढवल्यावर हा आकडा ९२ टक्क्यांवर गेला. फरक पडला तो मुख्यतः गालांजवळच्या फटी बुजल्यामुळे. नाकाखाली किंवा हनुवटीवर आलेल्या मास्कला टक्केवारी लावण्यात अर्थच नाही.

प्रयोगशाळेबाहेर काय घडते हे बांगलादेशातल्या सुमारे ६०० गावांमध्ये तपासले गेले. काही गावांत मास्क वाटून लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून दिली गेली. तिथे मास्कचा वापर १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग एकूण ११ टक्क्यांनी आणि साठीपुढच्या लोकांत ३५ टक्क्यांनी कमी आढळला. निम्म्याहून अधिक लोक उघड्या तोंडाने फिरत असताना मिळालेला हा परिणाम आहे. कापडी मास्कचा फायदा मात्र तिथे तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायलाच हवे.

२०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यावरून ‘मास्कचा उपयोग नसतो हे सिद्ध झाले’ अशा बातम्या फिरल्या. संस्थेच्या मुख्य संपादकांना त्यावर खुलासा करावा लागला, की हा अर्थ चुकीचा आहे. आढाव्यातल्या प्रयोगांत लोकांनी मास्क पुरेसे वापरलेच नव्हते, त्यामुळे ठाम निष्कर्ष निघत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

मास्कने ऑक्सिजन कमी पडतो, ही भीती मात्र लवकर मिटवता येते. वायूंचे रेणू विषाणूच्या मानाने इतके लहान की ते सहज ये-जा करतात. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तासन्‌तास मास्क लावून उभे असतात. गुदमरल्यासारखे वाटते ते उष्णतेने आणि ओलाव्याने. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र मास्क लावू नये, असे केंद्राच्याच जून २०२१ च्या सूचनांत म्हटले होते.

“विषाणू काय रात्रीच फिरतो?”

५ एप्रिलपासून राज्यात रात्रीची संचारबंदी आणि शनिवार-रविवारची टाळेबंदी आली, तेव्हा हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. उत्तर विषाणूच्या वेळापत्रकात नाही, आपल्या वेळापत्रकात आहे. जेवणावळी, हळदी, वाढदिवस, हॉटेलातल्या बैठका, सगळे बहुतेक रात्रीचे किंवा सुट्टीचे, आणि बहुधा बंद जागेतले. उदबत्ती विझल्यावरही बंद खोलीत धूर रेंगाळतो, तसे श्वासातले सूक्ष्म कण हवेत राहतात. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ ला स्पष्ट सांगितले, की हे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवा. लग्नाला २५ माणसे आणि दोन तास हा २२ एप्रिलचा नियम अनेकांना अपमानास्पद वाटला. पण किती माणसे, किती वेळ एकच हवा घेतात, धोक्याचा हिशेब त्यावरच असतो.

याच कसोटीवर काही उपाय फसवे ठरतात. किराणा-भाजीची दुकाने फक्त सकाळी ७ ते ११ उघडी ठेवल्याने गर्दी त्या चार तासांत दाटली. दारातली तापमान-बंदूक लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरवणाऱ्याला ओळखू शकत नव्हती. भाजी धुण्यात आणि नोटा पुसण्यात घरोघरी शक्ती खर्च झाली. वस्तूंच्या स्पर्शातून होणारा धोका फार कमी आहे, हे एप्रिल २०२१ पर्यंत स्पष्ट झाले होते. मोकळे समुद्रकिनारे बंद ठेवण्यापेक्षा बंद हॉलच्या खिडक्या उघडायला लावणे अधिक उपयोगी होते, असे माझे मत आहे. नियम चुकीचा असेल तर तो बदलायची मागणी जरूर करावी. ‘सगळेच नियम थोतांड’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

“टाळेबंदी लावली तरी आकडे वाढतच होते”

वाढणारच. आज अहवालात दिसणारा रुग्ण आठवडा-दीड आठवड्यापूर्वी बाधित झालेला असतो आणि मृत्यूंचे आकडे त्याच्याही मागून येतात. ३१ मेपर्यंत राज्यातली रोजची संख्या १५ हजारांच्या आसपास उतरली. ते एकट्या निर्बंधांचे यश म्हणता येणार नाही. लोकांनी भीतीने स्वतःहून घातलेला आळा आणि संसर्गातून आलेली प्रतिकारशक्ती यांचाही त्यात वाटा होता. पण निर्बंधांचा हेतू विषाणू संपवणे हा कधीच नव्हता. एप्रिलच्या अखेरीस राज्याची ऑक्सिजन उत्पादनक्षमता दिवसाला सुमारे १,२५० टन होती आणि मागणी १,५०० टनांच्या पुढे गेली होती. रुग्ण एकदम न येता अंतराने यावेत, प्रत्येकाला खाट आणि नळी मिळावी, यासाठी ती सगळी धडपड होती. ७ जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर करून निर्बंध उठवायला सुरुवात झाली, तेव्हा तपासण्यांतल्या बाधितांच्या प्रमाणाइतकेच महत्त्व किती ऑक्सिजन खाटा भरल्या आहेत याला दिले गेले, ते याचमुळे.