हायब्रीड गाडी काळ्या रानात

गेल्या श्रावणात मराठवाड्यातल्या दिंद्रुडच्या शिवारात एक पांढरीशुभ्र एसयूव्ही पाणंदीत रुतलेली पाहिली. पुण्याहून आलेले पाहुणे मळ्यापर्यंत गाडीनंच जायचं म्हणून डांबरी सोडून आत घुसले होते. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरत होती, मागची दोन्ही ढिम्म. बांधावर सात-आठ जण जमले. एक म्हणाला, "हिला इंजन बी हाय अन् मोटार बी, मंग अडकली कशी?" दुसऱ्यानं मागं सरकत बजावलं, "हात लावू नका, बॅटरीत पाणी शिरलं आसंल, करंट बसंल." तिसऱ्याचं निदान सोपं होतं, चार्जिंग संपली.

तिघंही चुकत होते. पण गाडीचा मालक तरी कुठं बरोबर होता? तो सारखा ॲक्सिलरेटर दाबत होता आणि गाडी आणखी खाली बसत होती.

गैरसमज: इंजिन अधिक मोटर, म्हणजे चारही चाकांना जोर.

दोन यंत्रं आहेत हे खरं, पण ती कुठल्या चाकांना ओढतात हे वेगळं पाहावं लागतं. आपल्याकडे हायब्रीड एसयूव्हीची चर्चा गावोगाव पोचली ती २०२२ पासून, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आल्यावर. दोघी आतून जवळपास सख्ख्या बहिणी. दोघींत हायब्रीड दोन प्रकारची मिळते आणि घोळ तिथंच होतो. स्ट्राँग हायब्रीडमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मोटर मिळून सुमारे ११६ पीएस ताकद देतात, आणि ती सगळी जाते पुढच्या दोन चाकांना. चारही चाकांना जोर हवा असेल तर माइल्ड हायब्रीड पेट्रोल घ्यावी लागते. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी हलवू शकत नाही. म्हणजे लिटरला २७.९७ किलोमीटरचं ॲव्हरेज एका गाडीचं, फोर-व्हील ड्राइव्ह दुसरीची, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात दोन्ही एकाच गाडीत बसलेली. इनोव्हा हायक्रॉसही पुढच्याच चाकांवर चालते. जुनी इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर आणि भक्कम चासीवर चालते. नाव तेच राहिलं म्हणून गाडी तीच राहिली असं नाही.

याच्या उलट टोकालाही एक समज आहे, की हायब्रीड म्हणजे शहरातली नाजूक बाहुली. तोही खरा नाही. अमेरिकेतल्या जीप रँग्लरच्या हायब्रीडला १७.३ युनिटची बॅटरी आहे, खाली लो-रेंजचा गिअर आहे, आणि ३० इंच पाण्यातून ती जाऊ शकते असं कंपनीच सांगते. टोयोटाची २०२३ मध्ये सादर झालेली नवी लँड क्रूझर तिकडे हायब्रीडच विकली जाते. आपल्याकडे २०२५ मध्ये फॉर्च्युनरला ४८ व्होल्टची जोड मिळाली. पण त्या फॉर्च्युनरला चिखलातून काढतो तो तिचा फोर-बाय-फोर आणि लो-रेंज. ४८ व्होल्टची मोटर तिथं फार तर मदतनीस.

आता काळ्या मातीकडे येऊ. खरा सामना तिच्याशीच आहे.

मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, म्हणून चिखलात हायब्रीड भारी, असं एका शोरूममधल्या पोरानं मला ठासून सांगितलं होतं. पहिला भाग खरा. दुसरा भाग ज्यानं मृगाच्या पावसात बैलगाडी हाकली आहे त्याला पटणार नाही. आपल्या रानातली माती पाणी प्याली की फुगते आणि साबणासारखी होते. चाकाच्या नक्षीत ती एकदा भरली की टायर गुळगुळीत होतो, मग तो पाच हजारांचा असो की पंधरा हजारांचा. अशा जागी जोर कमी पडत नसतो, पकड कमी पडत असते. मोटरचा झटपट जोर तिथं उपकार करत नाही, खड्डा करतो. त्या पाहुण्यांच्या गाडीचं हेच झालं. माती चाकाच्या कमानीत गच्च बसली होती आणि काडीनं उकरावी लागली.

दुसरी गोष्ट उंचीची. ग्रँड विटारा आणि हायरायडर, दोघींच्या पोटाखाली कागदावर २१० मिलिमीटर जागा आहे. म्हणजे जवळपास एक वीत. तीही रिकाम्या गाडीची. पाच माणसं आणि ज्वारीचं पोतं टाकल्यावर ती आणखी आक्रसते. आता उसाचा हंगाम आठवा. तेलगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्या पाणंदीतून डांबरीवर येतात, तिथं चाकोऱ्या किती खोल पडतात? हात घालून बघा. चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकला की चाकं लोंबकळतात, आणि मग कुठलंही तंत्रज्ञान कामाचं नाही. अशा वाटेवर चाकोरी सोडून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून जायचं, हे इथल्या टमटमवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

एक बटण मात्र माहीत हवं. चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप ताकद कापतो. डांबरीवर ते वरदान आहे, चिखलात मात्र गाडी मरगळल्यासारखी वाटते आणि माणूस आणखी पाय दाबतो. घट्ट चिखलात ते तेवढ्यापुरतं बंद करावं आणि पाय हलका ठेवावा. टायरची हवा थोडी कमी केली तर जमिनीवर पडणारा ठसा मोठा होतो, फरक पडतो. पण परत भरायचा पंप गाडीत असेल तरच.

करंटचं काय? हायब्रीडची मोठी बॅटरी साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीसारखी गाडीच्या पत्र्याला जोडलेली नसते. तिच्या दोन्ही तारा पत्र्यापासून वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर भगवं आवरण असतं, आणि वीज कुठं झिरपते आहे का यावर गाडीतलं यंत्र सतत लक्ष ठेवतं. गाडी बंद केली किंवा एअरबॅग उघडली की बॅटरीचं कनेक्शन आतूनच तुटतं. त्यामुळे चिखलात अडकलेल्या गाडीला हात लावून शॉक बसत नाही. भगव्या तारा फाटलेल्या दिसल्या तर मात्र दूर राहायचं, हे कुणाही वायरमनला कळेल.

पाण्यात धोका आहे, पण तो विजेचा नाही. जुन्या डिझेल जीपच्या ड्रायव्हरचा धडा असा की ओढ्यात घातली की रेस सोडायची नाही, म्हणजे सायलेन्सरमधून पाणी मागं येत नाही. स्ट्राँग हायब्रीडमध्ये हा धडा चालत नाही. इंजिन कधी सुरू व्हायचं आणि कधी थांबायचं हे गाडी स्वतः ठरवते. भर ओढ्यात तिला वाटलं की आता इंजिन हवं, तर ते सुरू होईल, आणि हवा घेण्याचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी ओढेल. एकदा सिलिंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साधारण फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलतं आणि दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्ही वाहून नेतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्या-ओढे कसे फुगले होते हे ज्यांनी पाहिलं, त्यांना नळकांडी पुलावरचं लालसर पाणी बघून अंदाज बांधायची खुमखुमी यायला नको. बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी पुरात बुडालेल्या गाडीला कामाची नाही. तिथं विम्याची पॉलिसी उघडावी लागते, आणि इंजिनासाठी वेगळं कव्हर घेतलंय का ते तेव्हा आठवतं.

गैरसमज: चार्जिंग संपली, गाडी अडकली.

ग्रँड विटारा-हायरायडरसारख्या स्ट्राँग हायब्रीडना प्लग लावायची सोयच नाही. लोडशेडिंगशी त्यांचा संबंध नाही. इंजिन चालताना आणि ब्रेक लागताना बॅटरी भरते. ती आहे तरी केवढी? ०.७६ युनिट. पाच हॉर्सपॉवरची शेतातली मोटर तिच्यावर जेमतेम बारा मिनिटं चालेल. म्हणून नुसत्या विजेवर ही गाडी एक-दोन किलोमीटर जाते आणि मग इंजिन बोलू लागतं. चिखलात सलग जोर लावला की बॅटरी लवकर उतरते आणि सगळा भार ९२ पीएसच्या इंजिनावर येतो. रिव्हर्समध्ये चाकं फिरवते ती मोटरच. त्यामुळे बॅटरी उतरलेली असताना उंच चढावर गाडी मागं घेताना ती दमल्यासारखी वाटली तर बिघाड समजू नका.

घाटातही बॅटरीच्या लहानपणाचा प्रत्यय येतो. धारूरचा घाट उतरताना ब्रेकमधून वीज परत मिळते, हे ऐकून लोक खूश होतात. हिशोब करू. माणसांसह दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली उतरली की सुमारे ०.४ युनिट ऊर्जा सुटते. बॅटरी आधीच अर्धी भरलेली असेल तर तेवढ्यात ती काठोकाठ. त्यानंतर मोटरचा ब्रेक जवळपास संपतो आणि सगळं ओझं पॅडवर पडतं. त्यासाठीच गिअरच्या खुंटीवर 'बी' दिलेला आहे. तो लावला की इंजिन गाडीला धरून ठेवतं. कित्येक मालकांना हा 'बी' म्हणजे बॅटरी वाटतो आणि ते त्याला कधी हातच लावत नाहीत.

गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात म्हणून पट्टा सुटेल, जळेल, अशी भीती घालणारे मेकॅनिकही भेटतात. या गाड्यांत पट्टा नाही, क्लच नाही, दातेरी चाकांची जुळणी आहे.

फुफाट्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि आपल्याकडे चिखल चार महिने तर फुफाटा आठ. बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतली हवा एका जाळीतून ओढली जाते. बऱ्याच हायब्रीडमध्ये ही जाळी मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते. काच खाली करून पाणंदीतून गेलात की धूळ तिथं साचते. त्यात मागच्या सीटवर गोणी, घोंगडी, पोरांची दप्तरं टाकून जाळी झाकली की पंखा कोंडतो आणि बॅटरी तापते. दर सर्व्हिसिंगला ती जाळी उघडून दाखवा म्हणावं.

त्या दिवशी शेवटी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं सरळ बंपरखाली हात घालून दोर अडकवायला लोखंड चाचपलं. मालकाला गाडीचं ओढायचं कडं ठाऊकच नव्हतं. ते डिकीतल्या जॅकच्या पिशवीत होतं, कोऱ्या प्लास्टिकमध्ये. बंपरवरचं छोटं झाकण काढून ते पिळून बसवलं, गाडी 'एन'मध्ये टाकली आणि दहा-बारा हातांवर कडक जमिनीला आणली. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी लांबवर ओढत नेऊ नये, कारण चाकांबरोबर आतली मोटर फिरत राहते. गॅरेजला न्यायची तर पुढची चाकं उचलून किंवा आख्खी गाडी ट्रकवर चढवूनच.

पाहुण्यांनी विचारलं, आता उद्या मळ्यापर्यंत जाईल का गाडी? मळेवाल्या तात्यांनी वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. बोटांच्या फटीतून ती लोण्यासारखी बाहेर आली. "वाफसा यायला आजून चार दिस लागतेत," ते म्हणाले, "तवर गाडी डांबरीलाच ऱ्हाऊ द्या. मळा काय पळून चाललाय व्हय?"