उलगडा आणि घडी

संगणकाला काम सांगायचे म्हणजे 'आधी हे कर, मग ते कर' असे हुकूम सोडायचे, अशी आपली समजूत असते. परंतु १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलाँ कोल्मेरोअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रोलॉग' ही भाषा घडवली, तिची तऱ्हाच निराळी. काय खरे आहे तेवढे सांगावे. उत्तर यंत्र तर्काने शोधील!

मला मात्र या भाषेइतकीच तिच्यात प्रोग्रॅम सिद्ध करण्याची एक रीत मोलाची वाटते. समजा, तीस नावांची यादी उलटी करायची आहे. सरळ व्याख्या अशी: रिकामी यादी उलटली तरी रिकामीच. एरवी पहिले नाव बाजूला ठेवा, उरलेली यादी उलटा आणि ते नाव शेवटी जोडा. हे शाळकरी मुलालाही पटेल. पण शेवटी जोडायचे म्हणजे दर वेळी सारी रांग चालून जाणे आले. तीस नावांना तर्काच्या ४९६ पायऱ्या पडतात!

मग अटकळीने दुसरा, वेगवान प्रोग्रॅम लिहावा का? लिहिता येईल; पण तो बरोबर कशावरून? दहा याद्यांवर तपासला, तरी अकरावीची हमी कोण देणार?

बर्स्टॉल व डार्लिंग्टन यांनी १९७७ साली यावर एक रीत मांडली. तामाकी व सातो या जपानी संशोधकांनी १९८४ साली ती तर्काच्या प्रोग्रॅमांना लावली. प्रथम नवी व्याख्या करावी: 'एक यादी उलटून तिच्यामागे दुसरी जोडणे.' मग तिच्यात जुनी व्याख्या उलगडावी. पहिली यादी रिकामी असेल, तर उत्तर म्हणजे दुसरी यादी. नसेल, तर उरलेली उलटा, तिच्यामागे बाजूचे नाव जोडा, त्यामागे दुसरी यादी. जोडणी कुठूनही सुरू केली तरी फळ तेच; म्हणून ते नाव आधीच दुसऱ्या यादीच्या डोक्यावर ठेवू. आता उरले काय? 'उरलेली उलटून तिच्यामागे ही यादी जोडणे', म्हणजे आपलीच नवी व्याख्या! तिची घडी घातली की झाले. आरंभी दुसरी यादी रिकामी द्यायची. ४९६ च्या जागी ३२ पायऱ्या.

घडीला पथ्य मात्र आहे. न उलगडताच घडी घातली, तर 'अमुक म्हणजे अमुकच' एवढेच हाती राहते आणि यंत्र जन्मभर फिरत बसते.

आज पैशांचे हिशेब आपण यंत्रांवर सोपवतो. तेथे 'बहुधा बरोबर असेल' एवढ्यावर भागत नाही. या रीतीत साध्या व्याख्येवरचा विश्वास पायरीपायरीने वेगवान प्रोग्रॅमपर्यंत पोचतो. म्हणूनच हा खटाटोप मला सार्थ वाटतो.