विश्लेषण : कोलकाता ते चेन्नई 600 रुपयांत? पाण्यालगत उडणारे यान आहे तरी काय?

पुणे-सातारा महामार्गावरच्या किकवीपासून जवळच भाटघरचा जलाशय आहे. तिथले पाणकावळे बघा. पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवरून ते सरळ रेषेत उडत जातात. तसे उडताना कमी ताकद लागते. हाच हिशेब माणसाने यंत्राला लावला, त्यातून तयार झाले 'विंग-इन-ग्राउंड-इफेक्ट' अर्थात 'विग' यान.

भारतात या यानाची चर्चा झाली ती फेब्रुवारी 2025 मध्ये. आयआयटी मद्रासच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या 'वॉटरफ्लाय टेक्नॉलॉजीज'ने बंगळूरुच्या एअरो इंडिया प्रदर्शनात विजेवर चालणाऱ्या यानाची कल्पना मांडली. कोलकाता ते चेन्नई हे सुमारे 1,600 किमी अंतर तीन तासांत, तेही प्रतिआसन 600 रुपयांत, असा दावा होता. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले आणि बातमी सर्वदूर पोहोचली.

विमान पाण्यालगत का उडवायचे?

पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी, म्हणून विमान उचलले जाते. मात्र खालची हवा पंखाच्या टोकाकडून वर निसटते, तिथे भोवरे तयार होतात आणि ते विमानाला मागे ओढतात. पंख पाण्याच्या अगदी जवळ असेल, तर या भोवऱ्यांना पसरायला जागाच उरत नाही. खाली हवेची उशी तयार होते, ओढ घटते, इंधन वाचते. पंखांच्या एकूण लांबीपेक्षा जास्त उंचीवर गेले, की हा फायदा जवळपास संपतो.

यात नवे काही नाही. रोस्तिस्लाव अलेक्सेयेव्ह यांच्या आराखड्यावर बांधलेले सोव्हिएत 'केएम' यान 1966 मध्ये उडाले. लांबी 92 मीटर, वजन 500 टनांहून अधिक! 'कॅस्पियन समुद्रातला राक्षस' हे नाव त्याला अमेरिकन गुप्तहेरांमुळे पडले. 1980 मध्ये ते अपघातात बुडाले.

मग साठ वर्षांत सेवा का सुरू झाल्या नाहीत?

खरी अडचण उडण्यात नाही, पाणी सोडण्यात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन. त्यातून सुटण्यापुरतीच प्रचंड ताकद लागते. 'केएम'ला दहा जेट इंजिने होती. त्यातली आठ मुख्यतः उड्डाणासाठी, पुढचा प्रवास शेपटाकडच्या दोनवर. म्हणजे आठ इंजिनांचे वजन नुसते वाहून न्यायचे. अमेरिकेची 'रीजंट' कंपनी यावर उपाय म्हणून तिच्या 'व्हाइसरॉय' यानाला पाण्याखालचे छोटे पंख लावते. ते यानाला आधी लाटांच्या वर उचलतात, मग ते उडते. 2025 मध्ये त्याच्या समुद्रातल्या चाचण्या माणसांसह सुरू झाल्या.

दाव्यांची तुलना इथेच करावी. 'व्हाइसरॉय' 12 प्रवाशांचे असून त्याचा ठरवलेला पल्ला सुमारे 290 किमी आहे, वेगही ताशी साधारण तेवढाच. सिंगापूरच्या 'एअरफिश 8'मध्ये दोन चालक आणि आठपर्यंत प्रवासी बसतात, कमाल वेग ताशी सुमारे 196 किमी. तेही मोटारीच्या व्ही-8 इंजिनावर, बॅटरीवर नव्हे. तीन तासांत 1,600 किमी म्हणजे ताशी 500 किमीहून अधिक. 600 रुपयांचा आकडा म्हणूनच तूर्त कागदावरचा समजावा.

भाटघरवर चालेल का?

नाही. विमान वळताना कलते, तसे पाण्यालगत कलता येत नाही. खालचा पंख पाण्याला लागेल. त्यामुळे वळण खूप रुंद घ्यावे लागते. वेळवंडीच्या खोऱ्यातल्या डोंगरांमधून वाकत गेलेल्या जलाशयात तेवढी जागा नाही, आणि उन्हाळ्यात पाणीही आटते.

परवाना कुणाचा, हा आणखी एक गुंता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना या यानांचे तीन प्रकार मानते. केवळ पाण्यालगत उडणारे आणि तात्पुरते 150 मीटरपर्यंत वर जाऊ शकणारे यान प्रामुख्याने जहाजांच्या नियमांत बसते. त्याहून उंच उडणाऱ्याला तिथून पुढे विमानांचे नियमही लागू होतात.

महाराष्ट्रात जागा शोधायचीच, तर ती कोकण किनाऱ्यावर. पण गेटवे-मांडवा मार्गावरच्या प्रवासी लाँच पावसाळ्यात बंद असतात, त्या लाटांमुळेच. चार मीटरवरून, म्हणजे एसटीच्या टपाहून थोडेच वरून जाणाऱ्या यानालाही त्या महिन्यांत किनाऱ्यालाच थांबावे लागेल. आणि पाऊस ओसरला, की त्याच पाण्यात मासेमारीच्या होड्या उतरलेल्या असतील.