मातेच्या हाताचे माप

तान्ह्या मुलास जुलाब होऊ लागले, की त्यास पाणी देऊ नये, अशी समजूत पुष्कळ घरांत असे. वस्तुतः मूल दगावते, ते शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळेच! गोड पदार्थाच्या साहाय्याने आतडे मीठ व पाणी शोषून घेते. हे ज्ञान मातांना व्हावे, म्हणून बांगलादेशात १९८० पासून दहा वर्षे ‘ब्रॅक’ संस्थेच्या स्त्रिया खेडोपाडी हिंडल्या. झोपडीत तराजू कोठून असणार? अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ! एक कोटीहून अधिक घरांतील मातांना त्यांनी हे पेय करावयास शिकविले. पुढे निरीक्षक येऊन मातांना प्रश्न विचारीत. मात्र उत्तरे चुकली, तर वेतन शिकविणारीचे कमी होई.