सेंटिमॉर्गनमध्ये मोजलेली नाती

माणसाचा संपूर्ण जीनोम आता रक्ताच्या एका नमुन्यावरून वाचता येतो. तीन अब्जांहून अधिक अक्षरं समोर येतात. आजाराचा धोका, डोळ्यांचा रंग, दूध पचेल की नाही, यांतलं बरंच काही त्यांतून कळतं. मात्र तो माणूस जन्माला येण्यापूर्वी त्याच्या आईच्या अंडपेशीत आणि वडिलांच्या शुक्रपेशीत गुणसूत्रांची अदलाबदल नेमकी कुठे झाली, हे त्या अक्षरांकडे कितीही वेळ पाहिलं तरी उमगत नाही. त्यासाठी आईवडिलांचाही नमुना लागतो, आणि बहुतेक वेळा आजीआजोबांचा किंवा बऱ्याच भावंडांचाही.

ही अदलाबदल म्हणजे जनुकीय पुनःसंयोग. आपल्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी ही दोन शेजारी येतात, ठरावीक ठिकाणी तुटतात आणि परस्परांच्या तुकड्यांशी सांधली जातात. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित पोथ्या समोर ठेवून लेखकाने काही पानं हिच्यातून आणि पुढची पानं तिच्यातून उतरवावीत, तशी तिसरी प्रत तयार होते आणि ती पुढच्या पिढीकडे जाते. आजोबांकडचा मजकूर कुठे संपला आणि आजीकडचा कुठे सुरू झाला, ती जागा शोधणं हे या शास्त्राचं काम.

या कामाची पहिली मोठी उडी फळमाशीवर झाली. थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतला आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा विद्यार्थी. दोन गुणधर्म जितक्या वेळा एकमेकांपासून सुटतात, तितकं त्यांच्या जनुकांमधलं अंतर जास्त, या कल्पनेवर त्याने १९१३ साली जगातला पहिला जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. मॉर्गन यांच्या नावावरूनच अंतराचं माप आलं सेंटिमॉर्गन: शंभर अपत्यांत सरासरी एक अदलाबदल.

माशी काही दिवसांत शेकडो पिल्लं देते. माणसाची गोष्ट वेगळी. म्हणून १९८४ मध्ये नोबेलविजेते ज्याँ दोसे यांनी पॅरिसमध्ये सेफ ही संस्था उभी केली, तेव्हा तिला सर्वांत आधी हवी होती मोठी कुटुंबं. त्यांतली बरीचशी अमेरिकेच्या युटा राज्यातून मिळाली. तिथल्या मॉर्मन समाजात मुलं पुष्कळ असत आणि चारही आजीआजोबा हयात असलेली घरं सापडत. दोसे यांनी या कुटुंबांचा डीएनए जगभरच्या प्रयोगशाळांना दिला; अट इतकीच की मोजणीचे निकाल सामायिक साठ्यात परत यावेत. विज्ञानातला हा मनाचा मोठेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. मानवी पुनःसंयोगाचे पुढचे अनेक नकाशे त्याच घरांवर उभे राहिले. १९९८ चा मार्शफील्ड नकाशा तर सेफच्या अवघ्या आठ कुटुंबांवर बेतलेला होता.

मग आलं आइसलँड. लोकवस्ती चार लाखांच्या आत, आणि शतकानुशतकांच्या वंशावळी नोंदलेल्या. कारी स्टेफान्सन यांनी १९९६ मध्ये डीकोड जेनेटिक्स ही कंपनी रेक्याविकमध्ये काढली. २००२ मध्ये तिने १४६ कुटुंबांतल्या १२५७ अर्धगुणसूत्री विभाजनांवरून नकाशा दिला. २०१९ मध्ये आकडा पोचला ४५ लाखांहून अधिक अदलाबदलींवर. त्या नकाशात वडिलांकडून अपत्यात सरासरी २६ अदलाबदली येतात, आईकडून ४३ च्या आसपास. आईचं वय वाढतं तशा त्या किंचित वाढतात. अदलाबदलीच्या जागेपासून हजार अक्षरांच्या आत नवं उत्परिवर्तन होण्याची शक्यता इतरत्रच्या पन्नासपटींहून जास्त असल्याचंही त्यातून दिसलं. निसर्ग जिथे नव्या जुळण्या घडवतो तिथेच चुकाही करतो, असा त्याचा अर्थ. २०२५ मध्ये याच गटाने आणखी सूक्ष्म नकाशा दिला. आजूबाजूचा भाग जागेवर ठेवून छोटासा तुकडाच फक्त उतरवला जातो, अशा घटनाही त्यात आहेत. त्या शोधणं भलतंच अवघड असतं.

याचा दवाखान्याशीही संबंध आहे. एकविसाव्या गुणसूत्राच्या जोडीत अदलाबदल झालीच नाही, किंवा भलत्या जागी झाली, तर जोडी नीट विलग होत नाही आणि डाउन सिंड्रोमचा धोका वाढतो. लाल-हिरव्या रंगांधळेपणाच्या बऱ्याच घटनांमागे शेजारशेजारच्या सारख्या जनुकांमधली विषम अदलाबदल असते.

अदलाबदली गुणसूत्रावर सारख्या पसरलेल्या नसतात. लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी पुरुषांच्या शुक्रपेशी तपासून दाखवलं की त्या एक-दोन हजार अक्षरांच्या अरुंद पट्ट्यांत दाटतात. या पट्ट्यांना हॉटस्पॉट म्हणतात. २००५ मध्ये सायमन मायर्स आणि सहकाऱ्यांनी असे २५ हजारांहून अधिक हॉटस्पॉट नोंदवले, तेही कुटुंबांशिवाय. नातं नसलेल्या माणसांतही शेजारची अक्षरं कितपत जोडीने राहिली आहेत, यावरून हजारो पिढ्यांतल्या अदलाबदलींचा माग त्यांनी काढला. जागा कोण ठरवतं, याचं उत्तर २०१० मध्ये मिळालं: पीआरडीएम-९ हे जनुक. त्याचं प्रथिन डीएनएवरचा विशिष्ट अक्षरक्रम ओळखून त्याला चिकटतं. जनुकाचा प्रकार बदलला की हॉटस्पॉटच्या जागा बदलतात. चिंपांझीचे आणि आपले हॉटस्पॉट जवळपास जुळतच नाहीत, ते त्यामुळेच.

इथे साठ्यात कोण आहे हा प्रश्न ऐरणीवर येतो. २०११ मध्ये सुमारे तीस हजार आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या जीनोमवरून नकाशा तयार झाला, तेव्हा पश्चिम आफ्रिकी वंशात सक्रिय, पण युरोपीय वंशात जवळपास न दिसणारे सुमारे अडीच हजार हॉटस्पॉट सापडले. युरोपच्या नकाशावर विसंबून राहिलं असतं तर ते कुणाला दिसलेच नसते.

आणि आपण? माणसामाणसांतले जनुकीय फरक नोंदवणाऱ्या हॅपमॅप प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात होते नायजेरियातले योरुबा, युटातले लोक, बीजिंगचे चिनी आणि टोकियोचे जपानी. भारतीय वंशाचे लोक आले ते तिसऱ्या टप्प्यात, आणि तेही अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात राहणारे गुजराती. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या एक हजार जीनोम प्रकल्पात २६ समूहांतले २५०४ लोक आहेत. त्यांत ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकेचे तमीळ आहेत, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली आहेत. मराठी समूह म्हणून वेगळा नमुना नाही. याच २६ समूहांचे स्वतंत्र पुनःसंयोग-नकाशे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियासाठी संशोधक ते वापरतात, आणि सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशासाठी हा आधार मला तुटपुंजा वाटतो.

भारतासाठी हे नकाशे किती मोलाचे, याचा एक दाखला. दोन वंशसमूह मिसळले की पहिल्या पिढीत पूर्वजांचे तुकडे लांबच लांब असतात. पुढच्या प्रत्येक पिढीतली अदलाबदल ते तोडत जाते. म्हणून तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजून मिश्रण कधी थांबलं हे काढता येतं. २०१६ मध्ये अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी ३६७ भारतीयांच्या नमुन्यांवरून मांडलं की उच्च जातींत समूहाबाहेरचं मिश्रण सुमारे ७० पिढ्यांपूर्वी जवळपास अचानक थांबलं. त्यांच्या अभ्यासातल्या मराठा नमुन्यांत मात्र ते त्यानंतरही, चालुक्य-राष्ट्रकूट काळापर्यंत चालू राहिलेलं दिसलं. जातीची बंदिस्त विवाहपद्धती अनादी नाही, तिला सुरुवात आहे, आणि त्या सुरुवातीची खूण आपल्या गुणसूत्रांवर उरली आहे. हे सिद्ध करायला एवढा एकच अभ्यास पुरेसा नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. जे कुटुंबाशिवाय दिसत नाही, ते उघडही कुटुंबाचंच होतं. आइसलँडच्या संसदेने डिसेंबर १९९८ मध्ये साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदींचा साठा करण्याचा कायदा केला. नकार कळवला नाही तर संमती आहे असं धरलं जाणार होतं. सुमारे वीस हजार लोकांनी नकार कळवला. एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी साठ्यात घालू नयेत म्हणून दाद मागितली, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, कारण वडिलांच्या नोंदींवरून तिच्याविषयी अनुमान काढता येतं. तो साठा कधी उभा राहिला नाही. पुढचं सारं काम झालं ते लेखी संमती दिलेल्या माणसांच्या नमुन्यांवर.

२०२३ मध्ये लोकांचा डीएनए तपासून देणाऱ्या अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी कंपनीत चोरट्यांनी सुमारे १४ हजार खाती उघडली आणि माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची. कारण प्रत्येक खात्यातून दूरचे नातेवाईक दिसत होते, आणि ते शोधले जात होते समान डीएनए तुकड्यांच्या लांबीवरूनच.

आपल्याकडे भारतीयांचे जीनोम वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला. ८३ समूहांतल्या ९७७२ लोकांच्या जीनोमवरचा पहिला आढावा २०२५ मध्ये आला. माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात आहे. हे मोठं काम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. पुढचं पाऊल आइसलँडच्या तोडीचं हवं: हजारो भारतीय कुटुंबं, तीन-तीन पिढ्यांसह. आपल्याकडे वंशावळींची परंपरा आहे. कुलवृत्तांत आहेत, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पण त्या सगळ्या समाजांच्या नाहीत, आणि जुन्या कुलवृत्तांतांत लेकींच्या पुढच्या पिढ्या सहसा गळतात. पुनःसंयोगाच्या अभ्यासात तर आईची बाजूच अधिक बोलकी. त्यामुळे ही नोंद नव्यानेच करावी लागेल, आदिवासी पाड्यांपासून शहरातल्या सदनिकांपर्यंत.

कायद्याची तयारी मात्र अपुरी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा वर्ग नाही, आणि त्याचा सारा विचार एकेकट्या व्यक्तीचा आहे. भावाने दिलेल्या नमुन्यातून बहिणीविषयी जे कळतं, त्यावर बहिणीचा हक्क काय, हे कायद्यात लिहून यायला हवं, आणि तेही कुटुंबांचे मोठे साठे उभे राहण्याच्या आधी.

तोवर वाचकांना एक विनंती. संशोधनासाठी नमुना मागितला गेला तर जरूर द्या; आपली माणसं साठ्यात नसतील तर आपले आजारही संशोधनाबाहेर राहतील. मात्र संमतिपत्र मराठीत मागून घ्या, माहिती कुणाला दिली जाणार आणि नमुना परत घेता येतो का हे विचारा, आणि सही करण्याआधी घरच्यांशी बोला, कारण ती सही त्यांच्याही वतीने होते.