चोरपावलांचा योद्धा घडविताना

२०१९च्या जून महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणूनच त्याचा मार्ग पुढे जगाला कळला. शेते, कालवे आणि रस्ते ओलांडीत, तेलंगणातील आदिलाबादपर्यंत फिरून तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याने १३०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. दिवसा झुडपात पडून राहायचे, रात्री चालायचे, वाटेत रानडुक्कर किंवा गुरे मारून पोट भरायचे, असा त्याचा क्रम होता. माणसांच्या एवढ्या वस्तीतून जाऊनही तो क्वचितच कुणाच्या दृष्टीस पडला.

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत, म्हणजे ज्यांना आपण रोल-प्लेइंग गेम म्हणतो त्यांत, अशाच स्वभावाचे पात्र घडविण्याची हौस अनेकांना असते. दबकत जाणारे, दिसण्यापूर्वीच वार करणारे, आणि त्यासाठी एकाहून अधिक पेशांचे शिक्षण घेतलेले पात्र. ते घडविताना नवशिक्यांचे नेमके कोठे चुकते, हे ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळाच्या आधारे पाहू. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने तो ऑगस्ट २०२३मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या बैठ्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. संगणकावर सुमारे १५० जीबी जागा मोकळी असेल तरच या वाटेला जावे.

आधी शब्दांची अडचण. या खेळात बारा पेशे आहेत. त्यांपैकी ज्याला इंग्रजीत ‘रोग’ म्हणतात तो शब्द देवनागरीत तसाच लिहिला तर वाचकाला आजार आठवेल. कोशात पाहून ‘भामटा’ लिहावे, तर त्या नावाची विमुक्त जमात महाराष्ट्राच्या यादीत आहे, आणि १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या कपाळी जन्मतःच कसे शिक्के बसले हे पारधी बेड्यांच्या शेजारी राहणाऱ्या यवतमाळकरांना वेगळे सांगायला नको. तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्के मात्र रेंगाळले. म्हणून या लेखापुरते मी त्याला ‘हेर’ म्हणतो. गंमत अशी की, या खेळाच्या जुन्या नियमांतही जन्माला फार महत्त्व होते. १९७८च्या नियमपुस्तकात एल्फ, बुटका आदी वंशांच्या पात्रांना ठरावीकच पेशे खुले होते आणि त्यांतही कोठवर मजल मारता येईल यावर बहुधा बंधन असे. एकाच वेळी दोन-तीन पेशे चालविण्याची मुभा याच वंशांना होती. मनुष्याला एक पेशा सोडूनच दुसरा धरावा लागे. १९९८च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्येही हीच व्यवस्था होती. २०००मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि कुणीही, कोणत्याही पातळीवर, कोणताही पेशा स्वीकारावा हे तत्त्व रूढ झाले.

आजच्या खेळात हे स्वातंत्र्य जवळजवळ निरंकुश आहे. पात्राची पातळी वाढली की ती पातळी जुन्या पेशात घालायची की नव्या, एवढेच विचारले जाते. (‘एक्सप्लोरर’ या सर्वांत सोप्या काठिण्यपातळीवर मात्र ही सोय बंद असते.) पण एकूण पातळ्या बाराच. एका पेशाला दिलेली पातळी दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होते. पाच पेशांचे थोडेथोडे शिकलेले पात्र कागदावर मोठे रुबाबदार दिसते आणि पहिल्याच मोठ्या लढाईत लोळते. म्हणून आरंभीच ठरवावे की या पात्राला नेमके काय हवे आहे. माझ्या मते उत्तर एकच आहे: लढाईची पहिली फेरी. जे त्या फेरीच्या उपयोगाचे आहे तेवढेच विकत घ्यावे.

पहिली फेरी इतकी महत्त्वाची का, हे फाशांवरून कळते. लढाईत आधी कोण हालचाल करणार हे बैठ्या खेळात वीस बाजूंच्या फाशाने ठरते; येथे ते अवघ्या चार बाजूंच्या फाशाने ठरते. त्यामुळे चपळाईचा अंक आणि वरचे दोन-तीन गुण यांना नशिबापेक्षा अधिक वजन येते. रेंजर या वनरक्षकी पेशात तिसऱ्या पातळीवर ‘ग्लूम स्टॉकर’ ही उपशाखा निवडली की या फाशात थेट तीनची भर पडते, पहिल्या वळणात जादा नुकसान करणारा वार मिळतो आणि अंधारात असताना अदृश्य होण्याची विद्याही येते. टिपेश्वरचा तो वाघ या शाखेत शोभला असता.

हेराच्या पेशातही तिसऱ्या पातळीवरच खरी मिळकत आहे. तेथील ‘असॅसिन’ या उपशाखेचे पात्र, ज्याने अजून आपले वळण घेतलेले नाही अशा शत्रूवर वार करताना दोन फासे टाकून मोठा आकडा धरते. शत्रू पूर्ण बेसावध असेल तर लागलेला प्रत्येक घाव मर्मी बसतो, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट होतात. शिवाय लपून सोडलेल्या ज्या बाणाने लढाई सुरू झाली, त्यात खर्च झालेली कृती लढाई सुरू होताच परत मिळते. तिसरा पेशा फायटरचा. त्याच्या दुसऱ्या पातळीवर एका वळणात आणखी एक पूर्ण कृती करता येते. तिघांची सांगड घातली की बेसावध शत्रूवर एका वळणात किमान चार बाण सुटतात.

क्रमाची चूक येथेच होते. उत्साही खेळाडू आरंभापासूनच तिन्ही पेशांत एकेक पातळी वाटत सुटतो. एका कृतीत दोन वार करण्याची क्षमता रेंजरला पाचव्या पातळीवर मिळते, आणि ती पेशाची पातळी आहे, पात्राची नव्हे. तिला उशीर झाला की खेळाचा पहिला तृतीयांश रडतखडत जातो. तेव्हा आधी रेंजरच्या पाच पातळ्या, मग हेराच्या तीन, शेवटी फायटरच्या चार. फायटरमध्ये दोनवर न थांबता चारपर्यंत जाण्याचे कारण असे की, ‘फीट’ हे विशेष कौशल्य प्रत्येक पेशाच्या चौथ्या पातळीवर मिळते. एकाच पेशात राहणाऱ्याला बारा पातळ्यांत किमान तीन फीट मिळतात. आपल्या पात्राला दोनच. हा तोटा जाणूनबुजून पत्करायचा असतो. अंकांचे २७ गुण वाटताना चपळाई १७, शहाणपण १६, प्रकृती १४ असा हिशेब बसतो. बळ आठवरच राहते, त्यामुळे ओझे वाहण्याचे काम साथीदाराकडे द्यावे.

चुकलेच तर घाबरण्याचे कारण नाही. तळावर राहणारा विदर्स नावाचा सांगाडा १०० सुवर्णमुद्रा घेऊन पात्राची घडण पुन्हा पहिल्यापासून करू देतो. आठव्या पातळीनंतर मी स्वतः हा खर्च करतो आणि पहिली पातळी हेराची करून घेतो, कारण आरंभीचा पेशा हेर असेल तर कौशल्ये अधिक मिळतात.

घडण झाली तरी दबकणे शिकावे लागतेच. शत्रूच्या नजरेचा टापू पडद्यावर लाल रंगात दिसतो. लख्ख उजेडात त्या टापूत पाऊल पडले की पकडले गेलात. अर्धवट अंधारात फासा टाकला जातो. गडद अंधारात, शत्रूला अंधारात पाहण्याची दृष्टी नसेल तर, त्याचीही गरज पडत नाही. म्हणून प्रकाश हाच खरा वैरी. पाणी फेकून दिवे विझविता येतात, याचा उपयोग फार थोडे जण करतात. रेंजरला पाचव्या पातळीवर ‘पास विदाउट ट्रेस’ हा मंत्र मिळतो. त्याने साऱ्या चमूच्या लपण्याच्या फाशात १० मिळविले जातात. साथीदारांना गटातून सोडवून मागे उभे करावे, नाहीतर त्यांच्यापैकी एकाच्या खणखणत्या चिलखतापायी सगळा डाव उघडा पडतो.

या पात्राचा खरा दुबळेपणा दुसऱ्या फेरीत आहे. शत्रू सावध झाला की मर्मी घाव बंद, आणि अंगावर हलके कातडी चिलखत. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शिरले ते मोजक्या माणसांनिशी. शाएस्तेखानाची बोटे तुटली आणि गडबड उसळण्याच्या आत महाराज छावणीबाहेर होते. तेथे थांबून लढण्याचा विचार नव्हता. हेराला वळणात मिळणारी जादा छोटी कृती, जिने लपता, धावता किंवा शत्रूच्या तावडीतून निसटता येते, ती याच क्षणासाठी राखून ठेवावी.

आणखी एक अडचण अशी की, मोठ्या शत्रूंशी गाठ पडते ती बहुधा संभाषणातून. तुमचा शिकारी स्वतःच बोलायला पुढे गेला तर तो उजेडात, सर्वांसमोर उभा सापडतो आणि सारी तयारी वाया जाते. त्यापेक्षा गोडबोल्या साथीदाराला पुढे पाठवावे. तो बोलत असतानाच दुसऱ्या पात्राची सूत्रे हाती घेता येतात. शिकाऱ्याला तेवढ्या वेळात उंच, अंधारी जागा गाठून द्यावी. नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या ‘ऑनर’ पातळीवर खेळ जतन करण्याची एकच जागा असते आणि मागे फिरता येत नाही, तेथे तर ही खबरदारी अनिवार्यच. इतर पातळ्यांवर एफ-५ दाबून खेळ जतन करीत राहावे. आमच्याकडे वीज जाण्याची वेळ आणि मोठ्या लढाईची वेळ बहुधा एकच असते.