जमीन गावाची; पण गाव म्हणजे कोण?

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर लुईस नावाचे बेट आहे. झाडे कमी, वारा फार, आणि नजर पोहोचेल तिथवर काळसर, ओली, दलदलीची माळजमीन. 1844 साली हे अख्खे बेट जेम्स मॅथेसन नावाच्या व्यापाऱ्याने 1 लाख 90 हजार पौंडांना विकत घेतले. या पैशाचा माग काढत गेले की आपण मुंबईत येऊन पोहोचतो. जार्डिन-मॅथेसन कंपनी चीनला अफू विकत असे. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून निघे, आणि त्या व्यापारात कंपनीचे मुंबईतले सर्वांत मोठे सहकारी होते सर जमशेटजी जिजीभाई. माळव्यातल्या शेतकऱ्याने लुईसचे नावही ऐकले नसेल. पण त्याच्या पिकावरच्या नफ्याने तिथल्या हजारो माणसांना नवा मालक मिळाला. या मालकाने दुष्काळात धान्य वाटले, किल्ल्यासारखा वाडा बांधला, आणि 1851 ते 1855 या काळात दोन हजारांहून अधिक बेटवासीयांची कॅनडाला रवानगी केली. जाणाऱ्यांतल्या अनेकांपुढे दुसरा पर्याय उरलेला नव्हता.

आज चित्र उलटे आहे. लुईस ज्या बेटसमूहात मोडते, त्या आउटर हेब्रिडीजमधली निम्म्याहून अधिक जमीन स्थानिक लोकांच्या संस्थांच्या मालकीची आहे, आणि तिथले सत्तर टक्क्यांहून अधिक लोक अशा जमिनीवर राहतात. जमीनदाराकडून गावाने जमीन कशी मिळवली, ही कथा रोमहर्षक आहे आणि ती पुष्कळदा सांगितली गेली आहे. मला अधिक रस आहे तो त्यानंतरच्या प्रश्नात. जमीन गावाची झाली. आता गावाच्या वतीने बोलायचे कोणी?

त्यासाठी आधी ‘क्रॉफ्ट’ म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. क्रॉफ्ट म्हणजे साधारण दहा-बारा एकरांचा, भाडेपट्ट्याने कसायचा तुकडा. त्यावरचे घर, गोठा, कुंपण, चर ही सगळी क्रॉफ्टरने स्वतः उभी केलेली असतात. जमीन मात्र दुसऱ्याची. अशा पाच-पंचवीस क्रॉफ्टांची मिळून एक ‘टाउनशिप’ होते. नावावर जाऊ नये, ही आपल्याकडच्या वाडीसारखी वस्ती असते. वाडीच्या वर डोंगरउतारावर सामाईक कुरण. आपल्या गायरानात कोणीही गुरे सोडतो. इथे प्रत्येक क्रॉफ्टमागे किती मेंढ्या आणि किती गाई सोडायच्या याचा वाटा ठरलेला असतो. अशी हजाराहून अधिक कुरणे आहेत आणि त्यांचे क्षेत्र पाच लाख हेक्टरांच्या वर जाते. एका क्रॉफ्टवर कुटुंब कधीच पोसले जात नसे. मासेमारी, विणकाम, मजुरी यांची जोड लागेच. आजही लागते. क्रॉफ्ट म्हणजे चारी बाजूंनी कायद्यांनी वेढलेला जमिनीचा छोटा तुकडा, असा विनोद तिथे प्रचलित आहे, आणि तो फारसा अतिशयोक्त नाही.

हे कायदे आले कुठून? 1882 साली स्काय बेटावरच्या ब्रेज या गावी कुरणाच्या हक्कावरून क्रॉफ्टर आणि पोलीस यांच्यात दगडफेक आणि लाठ्या असा सामना झाला. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे 1866 ते 1872 मद्रासचे गव्हर्नर होते, आणि लॉर्ड मेयोंच्या हत्येनंतर काही काळ त्यांनी व्हाइसरॉयपदही सांभाळले होते. 1884 च्या अहवालात नेपियरांनी एक वेगळी शिफारस केली. वाडीला, म्हणजे टाउनशिपला, कायद्याने मान्यता द्या. कुरण, रस्ता, कुंपण यांबाबत तिला सामूहिक हक्क द्या. भारतातली गावे पाहिलेल्या माणसाला हे सुचावे यात मला नवल वाटत नाही, तरी त्यांच्या मनात नेमके काय होते याचा तर्क करत बसण्यात अर्थ नाही. सरकारने ती शिफारस बाजूला ठेवली. 1886 चा कायदा आला तो आयर्लंडच्या वळणावर, व्यक्तीला हक्क देणारा. क्रॉफ्टरला हुसकावता येणार नाही, खंड न्यायाधिकरण ठरवील, क्रॉफ्ट वारसाकडे जाईल आणि त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई मिळेल. आपल्या कूळकायद्याची आठवण व्हावी असे हे संरक्षण, आणि त्या काळाच्या मानाने फार मोठे.

यातून एक फट राहिली ती आजतागायत बुजलेली नाही. क्रॉफ्टरला कायद्यात स्थान मिळाले, वाडीला मिळाले नाही. 1891 च्या कायद्याने कुरणांपुरत्या समित्या आल्या, पण त्या निवडायच्या कुरणात वाटा असणाऱ्यांनी. क्रॉफ्ट साधारणपणे एकाच वारसाकडे जातो. चार भावंडांपैकी तीन जणांचा जन्म, शाळा, नोकरी सगळे त्याच वाडीत झाले असले तरी कुरणाच्या कारभारात त्यांना मत नाही.

मालकीकडे लोक वळले ते पुढच्या शतकात. 1918 मध्ये लुईस विकत घेतले ते लॉर्ड लिव्हरह्यूम यांनी. सनलाइट साबणवाले लिव्हर ते हेच. त्यांना बेटावर मासळीचा मोठा उद्योग उभारायचा होता. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना हव्या होत्या जमिनी. सैनिकांनी कोल आणि ग्रेस इथल्या शेतांत घुसून ताबा घेतला. कंटाळून 1923 मध्ये साहेबांनी बेट लोकांनाच देऊ केले. ग्रामीण भागाने ही देणगी नाकारली. मालक झालो तर मालकाचे करही भरावे लागतील, आणि क्रॉफ्टर म्हणून असलेले संरक्षण तर हातात आहेच, हा त्यांचा हिशेब. त्याला मूर्खपणा म्हणणारे अनेक भेटतात. मला तो हिशेब पुरेसा चोख वाटतो. स्टोर्नोवे शहर आणि भोवतालच्या गावांनी मात्र देणगी घेतली. सुमारे 69 हजार एकरांचा स्टोर्नोवे ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याचे विश्वस्त तिथले सगळे मतदार निवडू लागले. स्कॉटलंडमधला हा सर्वांत जुना लोकनियुक्त जमीनदार. त्याची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

यानंतर सत्तर वर्षे फारसे काही हलले नाही. 1976 च्या कायद्याने क्रॉफ्टरला आपला क्रॉफ्ट वार्षिक खंडाच्या पंधरापट किमतीला विकत घेण्याचा हक्क दिला, पुन्हा एकेकट्याला. या वैयक्तिक हक्काचा सामूहिक उपयोग पहिल्यांदा केला तो असिंटच्या लोकांनी. मुख्य भूमीवरची 21 हजार एकरांची नॉर्थ लॉकिन्व्हर इस्टेट 1989 साली एका स्वीडिश कंपनीने घेतली. कंपनी 1992 मध्ये बुडाली आणि जमिनीचे सात तुकडे करून विकायचा घाट घातला गेला. तेरा वाड्यांच्या क्रॉफ्टरांनी जाहीर केले की इस्टेट दुसऱ्या कोणी घेतली तर आम्ही आपापले क्रॉफ्ट खरेदी करू, मग त्याच्या हाती काय उरते ते त्याने पाहावे. गिऱ्हाईक पुढे येईना. 1 फेब्रुवारी 1993 ला असिंट क्रॉफ्टर्स ट्रस्टने 3 लाख पौंडांना इस्टेट घेतली. नावातच आहे, हा ट्रस्ट क्रॉफ्टरांचा.

1997 मध्ये एग बेट विकत घेतले गेले तेव्हा रचना वेगळी झाली. क्रॉफ्ट असो वा नसो, प्रत्येक रहिवासी धरलेला. सोबत जिल्हा परिषदेसारखी हायलँड कौन्सिल आणि एक वन्यजीव संस्था. तेव्हा बेटावर पासष्टच्या आसपास माणसे होती, आता शंभरावर आहेत. पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजयंत्रणा 2008 पासून आहे, आणि कोणत्याही घराला एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढता येत नाही. जिथे सगळ्यांची सगळ्यांशी रोज गाठ पडते तिथे असा नियम टिकतो.

म्हणजे ‘गाव’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी-शेजारी उभे राहिले. 2003 चा भूमिसुधारणा कायदा लिहिणाऱ्यांना हे दिसत होते. या कायद्याने क्रॉफ्टवस्त्यांना जमिनीची सक्तीने खरेदी करण्याचा हक्क दिला. मालक विकायला राजी नसला तरी. पण त्याआधी मतदान घ्यायचे आणि बहुमत दोनदा मोजायचे : एकदा सगळ्या मतदात्यांचे, आणि वेगळे, त्यातल्या क्रॉफ्टरांचे. दोन्हीकडे जिंकले तरच पुढे जाता येते.

याची परीक्षा झाली लुईसच्या दक्षिण भागात, पार्क इस्टेटीवर. हीच ती जागा, जिथे 1887 मध्ये भुकेल्या क्रॉफ्टरांनी मालकाच्या शिकारीच्या रानात शिरून हरणे मारली होती. इथल्या लोकांनी 2004 मध्ये मतदान करून खरेदीचा कौल दिला. मालकाने मात्र इस्टेट आपल्याच एका कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिली होती, म्हणजे पवनचक्क्या आल्या तर भाडे तिकडे जावे. प्रकरण एडिंबरोच्या न्यायालयात गेले. 2012 च्या डिसेंबरात निकाल लागला की हा कायदा मालकाच्या मानवी हक्कांचा भंग करत नाही. जमीन प्रत्यक्ष हाती आली ती 2015 च्या डिसेंबरात, आणि तीही वाटाघाटीने. सक्तीचा कायदा हाताशी असूनही पहिल्या कौलापासून अकरा वर्षे लागली.

आता स्टोर्नोवे ट्रस्टकडे परत येऊ. हा ट्रस्ट निवडणारे बहुसंख्य मतदार शहरात किंवा शहरालगत राहतात, आणि त्यांच्याकडे क्रॉफ्ट नाही. ट्रस्टने माळरानावरच्या पवनचक्क्यांसाठी एका मोठ्या वीज कंपनीशी करार केला. त्यात फ्रान्सची ईडीएफ भागीदार. भाडे ट्रस्टला, म्हणजे सगळ्या भागाला मिळणार. पण त्या माळावर चार वाड्यांच्या क्रॉफ्टरांचे कुरण होते. 2007 च्या सुधारणेनुसार वाटेकऱ्यांना कुरणाचा चराईखेरीज अन्य वापर करण्याचा प्रस्ताव मांडता येतो. त्यांनी म्हटले, पवनचक्क्या आम्हीच उभारू, आणि नफा इथेच ठेवू. शेजारच्याच पॉइंट आणि सँडविक भागातल्या लोकांच्या नऊ मेगावॉटच्या स्वतःच्या पवनचक्क्या 2015 पासून चालू होत्या, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणाला म्हणता येत नव्हते. ट्रस्टने विरोध केला. गावाच्या जमिनीवर गावकऱ्यांनी पवनचक्की लावण्याला गावानेच निवडलेला जमीनदार आडवा आला, आणि प्रकरण लँड कोर्टापर्यंत पोहोचले. एरवी अशा गोष्टीत एक बाजू खलनायकाची असते. इथे दोघांकडेही लोकांनी निवडून दिल्याचा कागद होता. फक्त मतदारयाद्या वेगळ्या होत्या.

पैशाची वाटणीही याच रेषेवर तुटते. क्रॉफ्टची किंवा कुरणाची जमीन विकासासाठी काढून घेतली तर वाढलेल्या किमतीतला अर्धा भाग क्रॉफ्टरांचा, असे कायदा सांगतो. हा पैसा समितीने कुंपण आणि रस्त्यासाठी राखून ठेवायचा की वाटेकऱ्यांत लगेच वाटायचा, असले वाद 2016 मध्ये इतके पेटले की क्रॉफ्टिंग कमिशनने लुईसवरच्या अप्पर कोल आणि मँगर्स्टा इथल्या कुरणसमित्या बरखास्त केल्या आणि त्यांच्या जागी स्वतःचा माणूस नेमला. मोठा गदारोळ झाला आणि शेवटी कमिशनला माफी मागावी लागली. हे कमिशनही निवडून आलेलेच : 2012 पासून त्यातले सहा सदस्य क्रॉफ्टर आपल्या मतांनी निवडतात.

क्रॉफ्टरने क्रॉफ्टपासून 32 किलोमीटरांच्या आत राहावे असा नियम आहे, पण न राहणारेही आहेत, आणि कमिशनचा बराच वेळ त्यांच्या मागे जातो. दरम्यान रिकाम्या क्रॉफ्टचा नुसता भाडेहक्क चांगल्या किमतीला विकला जातो, आणि तो तरुणांना परवडत नाही. स्टोर्नोवेजवळच्या एखाद्या वाडीत भाड्याने राहून गावच्या शाळेत मुले पाठवणाऱ्या बाईला ट्रस्टच्या निवडणुकीत मत आहे; घरामागच्या कुरणाची बैठक भरते तेव्हा तिला मत नाही. ग्लासगोला स्थायिक झालेल्या, पण क्रॉफ्ट न सोडलेल्या तिच्या शेजाऱ्याला ट्रस्टच्या निवडणुकीत मत नाही. कुरणाच्या बैठकीत मात्र आहे.